तिसऱ्या वळणावरचा खड्डा

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. शैलाला — माझ्या बायकोला — नाही. ती वारली तेव्हाही ही गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. मुलीला नाही, ब्रायनला नाही. आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. तीनदा कागद फाडून झालाय.

मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. बर्मिंगहॅममधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. लोखंडाचा तुकडा केसाच्या जाडीइतका कमी-जास्त भरला तरी बाजूला टाकायचा, हे माझं काम. हे आधीच सांगून ठेवतो — पुढे वाचताना 'म्हाताऱ्याला दिसलं नसेल', 'अंदाज चुकला असेल' असं तुमच्या मनात येऊ नये म्हणून. मला दिसत होतं. मला मोजता येतं.

रिटायर झाल्यावर मी घरातल्या डब्यांची झाकणं नीट बसतात की नाही ते तपासायला लागलो, तेव्हा शैलानेच शेजारच्या ब्रायनला गळ घातली, "यांना कुठेतरी घेऊन जा रे बाबा." ब्रायनने आयुष्यभर बस चालवली होती. तो मला एका गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या तासावरच्या गावात स्पीडवे बघायला घेऊन गेला.

तुम्ही स्पीडवे पाहिला नसेल. इथल्या मराठी माणसांनीही पाहिलेला नसतो, मंडळात मी सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "काका, म्हणजे फॉर्म्युला वन का?" नाही. अंडाकृती ट्रॅक, त्यावर विटेच्या चुऱ्यासारखी तांबूस खडी — तिला शेल म्हणतात. एका शर्यतीत चार मोटरसायकली, दोन आपल्या, दोन पाहुण्यांच्या. चार फेऱ्या. जेमतेम एक मिनिट. बाइकला गिअर एकच, आणि ब्रेक — ब्रेक नाहीच. वळण आलं की मागचं चाक बाहेर फेकायचं, डावा बूट जमिनीवर घासत तिरकं घसरत जायचं. अशा पंधरा शर्यती, म्हणजे हीट, झाल्या की एक सामना. वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत असे सामने चालतात, आणि शेवटी वरच्या चार टीम प्ले-ऑफला जातात.

पहिल्या दिवशी बाइक सुरू झाल्या आणि मला लहानपणीचा एरंडेलाचा वास आला. इंजिनात एरंडेलापासून केलेलं तेल घालतात. मी हसायलाच लागलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेलो. महिन्याभरात माझ्या अंगावर केशरी जॅकेट होतं आणि हातात दाताळं.

कारण ती खडी चाकांनी उडते, बाहेरच्या बाजूला जमा होते, मध्ये घळी पडतात. दर हीटनंतर आम्ही सात-आठ म्हातारे आत धावायचो आणि दोन मिनिटांत ती सारखी करायचो. आमच्यात रीत अशी, की प्रत्येक वळण एकाचं. त्याच्या वळणात दुसरा दाताळं घालत नाही. तिसरं वळण माझं. मी पहिल्याच दिवशी दाताळ्याच्या दातांमधलं अंतर विचारलं होतं, म्हणून ब्रायन — तो आम्हा सगळ्यांचा म्होरक्या — मला प्रोफेसर म्हणायचा. "प्रोफेसर, बाहेर ये! बाइक जाणार आहेत तिथून, राणी नाही!" शैला स्टँडमध्ये प्रोग्रॅम घेऊन बसायची, दर हीटचे आकडे भरायची. परतताना गाडीत म्हणायची, "घरचं गार्डन कधी झाडलं नाहीत, आणि इथे चाळीस वर्षांच्या बाप्यांसाठी रांगोळी काढताय."

माझं वळण टेबलासारखं सपाट असायचं. असं सगळे म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं — हेही लिहून ठेवतो.

आता कॅल.

परदेशातून आलेले रायडर सीझनभर कुणाकुणाच्या घरी राहतात. इथली तशी पद्धतच आहे. क्लबकडे हॉटेलचे पैसे नसतात आणि चाहत्यांकडे रिकाम्या खोल्या असतात. मुलगी ब्रॅकनेलला नोकरीला गेल्यापासून आमची एक खोली रिकामी होती. त्या वर्षी, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, मार्चमध्ये कॅल आला. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा छोट्या गावचा, सव्वीस वर्षांचा, हातांना सतत काळं तेल. पहिल्या रात्री शैलाने त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, "इथे मिस्टर-मिसेस नाही. काका, काकू." दुसऱ्या आठवड्यात तो तिच्या पोळ्या मोजायला लागला. "काकू, काकांना चार आणि मला तीन? रायडर कोण आहे या घरात?"

तो घरचा झाला. याहून वेगळं कसं लिहू?

सीझनची सुरुवात वाईट होती. पहिल्या सहा सामन्यांत पाच हरलो. मग जूनमध्ये कॅलचा सूर लागला. तो आतून जायचा — आतल्या पांढऱ्या रेषेला इतका चिकटून की त्याचा बूट रेषेवर घासायचा. लोक उभे राहून बघायचे. जुलैत चार सामने जिंकलो. ऑगस्ट संपताना अशी वेळ आली, की घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला तर प्ले-ऑफ, नाहीतर नाही. आणि पुढच्या वर्षासाठी वरच्या लीगमधल्या एका टीमने कॅलकडे विचारणा केली होती. त्यांचा माणूस त्या सामन्याला येणार होता. कॅलने हे फक्त आम्हाला सांगितलं होतं. सामन्याच्या दिवशी शैलाने शिरा केला होता.

सामना अटीतटीचा झाला. बाराव्या हीटनंतर आम्ही दोन गुणांनी मागे होतो. त्यांचा कॅप्टन डेन्मार्कचा, उंच, थंड डोक्याचा; आम्ही त्याला नुसतं 'डेन' म्हणायचो. त्याला कुणी हरवलं नव्हतं. तेराव्या हीटला तो होता आणि कॅल होता.

बाराव्या आणि तेराव्या हीटच्या मध्ये माझ्या वळणावर, बाहेरच्या बाजूला, एक खड्डा पडलेला होता. पाऊस येणार म्हणून ब्रायन ओरडत होता — "चला, चला, उरका!" — आणि त्या गडबडीत तो माझ्याकडून राहिला.

हीट सुरू झाली. तिसऱ्या फेरीत कॅल डेनच्या मागच्या चाकाला लागला होता. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी डेनने आत उतरून त्याची रेषा बंद केली. मग कॅल बाहेरून गेला. आयुष्यात कधी जायचा नाही, तो बाहेरून गेला. पुढचं चाक खाली गेलं. बाइक उभी राहिली — घोडा उभा राहतो तशी — आणि त्याच्यासकट कडेच्या हवा भरलेल्या भिंतीवर आदळली. पाय बाइकखाली राहिला.

लाल दिवे लागले. इंजिनं बंद झाली. एवढी माणसं आणि आवाज नाही, असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सगळे धावले. मीही धावलो, माझ्या हातात दाताळं होतं. आणि मी — कॅल माझ्यापासून पंधरा पावलांवर पडलेला होता — मी खड्ड्यापाशी थांबलो.

चार वेळा दाताळं ओढलं. दोनदा बुटाने दाबलं. कुणी बघितलं नाही. बघितलं असतं तरी काय दिसलं असतं? केशरी जॅकेटवाला म्हातारा आपल्या वळणावर आपलं काम करतोय. मग मी कॅलकडे गेलो.

अॅम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली. शैला त्याच्याबरोबर गेली, हातात त्याचे ग्लव्हज धरून. रेफरी खाली उतरला, ट्रॅक बघायला. त्याने वळणावर बूट घासून पाहिला आणि ब्रायनला विचारलं, इथे काही होतं का? ब्रायन म्हणाला, "हे प्रोफेसरचं वळण आहे, साहेब. यावर बिलियर्ड खेळा." रेफरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दर हीटनंतर करतो." शब्दाशब्दाने खोटंही नव्हतं ते. एरवी करतच होतो ना?

रायडरची चूक, असा निर्णय झाला. ज्याच्यामुळे शर्यत थांबते तो बाद. हीट तिघांत पुन्हा झाली, डेन जिंकला, आम्ही सामना हरलो. पाऊस आलाच नाही.

मांडीचं हाड तुटलं होतं, गळ्याजवळचंही. मांडीत सळी घातली. तीन आठवड्यांनी कॅल घरी आला. जिना चढता येईना म्हणून पुढच्या खोलीत पलंग लावला. शैला मुगाची खिचडी करायची, तो बिचारा तीही आनंदाने खायचा. दिवसभर फोनवर एकच क्लिप बघत बसायचा — कुणीतरी स्टँडमधून घेतलेली, हलणारी. त्यात चाक खाली गेलेलं दिसतं, पण का गेलं ते दिसत नाही. पुढे कुणाची तरी टोपी येते.

एका दुपारी शैला दुकानात गेली होती. त्याने क्लिप थांबवली आणि विचारलं, "काका, तुम्ही तिथेच उभे होतात. माझ्याइतके जवळ फक्त तुम्हीच होतात. मी काय केलं?"

आता थांबलो तर पुन्हा कागद फाडीन.

मी म्हणालो, "थ्रॉटल लवकर उघडलास. बाइक सरळ व्हायच्या आधी."

त्याने क्लिप पुन्हा एकदा पाहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर — हे मला सगळ्यात जास्त आठवतं — हलकं वाटल्यासारखं काहीतरी आलं. "थँक्स, काका," तो म्हणाला. "माझी चूक असेल तर ठीक आहे. माझी चूक मला सुधारता येते."

आणि तो सुधारत बसला.

वरच्या लीगची विचारणा त्या रात्रीच संपली होती. पुढच्या मार्चमध्ये तो आमच्याच टीममध्ये परत आला. पाय बरा झाला होता. पण वळणावर आता तो थांबायचा. कुणाला कळणार नाही इतकंच — श्वासभर. थ्रॉटल उघडायच्या आधी एकदा विचार करायचा. ब्रेक नसलेल्या बाइकवर विचार करून चालत नाही. विचार केला की दुसरा पुढे जातो. स्वतःच्या ज्या हातांवर तो डोळे मिटून विसंबायचा, त्या हातांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. तो विश्वास खड्ड्याने मोडला नव्हता. तो मी मोडला, पुढच्या खोलीत, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून.

गुण घसरत गेले. जूनमध्ये मॅनेजरने त्याच्या जागी दुसरा आणला. शैला मला म्हणाली होती, "तो वळणावर घाबरतो हो. मला स्टँडमधून दिसतं. तुम्ही बोला ना त्याच्याशी, तुमचं ऐकतो तो."

"बोललोय," मी म्हणालो.

विमानतळावर त्याने शैलाला उचलून गोल फिरवलं. मला मिठी मारली. मी त्याची बॅग धरून उभा होतो आणि बॅगेच्या चाकाकडे बघत होतो.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबलो. वर पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू देतो — म्हणजे कबूल करायला बसलेला माणूससुद्धा काय करतो ते तुम्हाला दिसेल.

'त्या गडबडीत तो माझ्याकडून राहिला,' असं मी लिहिलंय.

राहिला नाही. मी ठेवला.

डेन बाहेरून जायचा. दर हीटला, भिंतीला लागून, जिथे खडी जास्त असते तिथून. त्या संध्याकाळी तीनदा माझ्या वळणावर त्याने आमच्या माणसांना बाहेरून मागे टाकलं होतं. मे महिन्यात तो आला होता तेव्हा माझ्यापाशी बाइक हळू करून म्हणाला होता, "छान बाग केलीस, आजोबा." ब्रायन हसला होता. सगळे हसले होते, मीही हसलो होतो. एवढंच. या एवढ्याशाचं कारण मी देत नाही, फक्त ते मी विसरलो नव्हतो हे सांगतो.

तेराव्या हीटच्या आधी मी त्या खड्ड्यावर उभा होतो. बूट आत ठेवून पाहिला. मला वेळ होता. ब्रायन ओरडत होता तरी वेळ होता. मी विचार केला — खरंच केला, टूलरूममध्ये करायचो तसा: डेन इथून जाणार. कॅल आतून जातो, पांढऱ्या रेषेवरून, तो इकडे येणार नाही. डेनची बाइक इथे थोडी हलेल, तेवढ्यात कॅल पुढे जाईल. 'थोडी हलेल' हे शब्द मी तेव्हा मनातल्या मनात वापरले. सत्तर मैलांच्या वेगाने जाणाऱ्या, ब्रेक नसलेल्या बाइकचं पुढचं चाक एवढ्या खड्ड्यात गेलं की ती थोडी हलत नाही, हे मला माहीत नव्हतं का? पाच वर्षं त्याच वळणावर उभा होतो मी.

पहिल्या फेरीत डेन खड्ड्याच्या हातभर आतून गेला. दुसऱ्या फेरीतही. मला वाईट वाटलं. चुकल्याचं — म्हणजे त्याचं चाक चुकल्याचं. तिसऱ्या फेरीत कॅल बाहेर आला तेव्हा मी तोंड उघडलं होतं. आवाज निघाला की नाही, माहीत नाही.

आणि धरा, डेनच पडला असता. कॅल प्ले-ऑफला गेला असता, वरच्या लीगमध्ये गेला असता. मग मी हे लिहायला बसलो असतो का? मला वाटतं, नसतो. माझ्या वळणावर कुणाचा तरी मुलगा मोडून पडला असता आणि मी घरी येऊन उरलेला शिरा खाल्ला असता. गेली नऊ वर्षं मी स्वतःला कॅलचा गुन्हेगार म्हणवत आलो. डेनची आठवण मला फार उशिरा झाली.

आता का लिहितोय? आमचा ट्रॅक बंद होतोय. जागेवर घरं होणार आहेत. शेवटच्या सामन्याला क्लब एक पुस्तिका काढतोय आणि ब्रायनने मला एक पान लिहायला सांगितलं. शीर्षकही त्यानेच दिलं: टेबलासारखं सपाट. त्याच आठवड्यात कॅलचा व्हॉइस मेसेज आला. दिवाळीला आणि शैलाच्या तिथीला तो न चुकता मेसेज करतो. तो आता तिकडे नवख्या रायडरना शिकवतो. म्हणाला, "काका, मी सगळ्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. बाइक सरळ होईपर्यंत थ्रॉटलला हात नाही. त्याला आम्ही काकांचा नियम म्हणतो."

माझं खोटं तिकडे नियम होऊन बसलंय. माझ्या नावाने.

पुस्तिकेसाठी इंग्रजीत लिहायला बसलो तर कारखान्यातले शब्द मदतीला धावले: ट्रॅक कंडिशन्स, एरर ऑफ जजमेंट. एकतीस वर्षं रिपोर्ट लिहिले त्या भाषेत, तिच्यात मला लपता येतं. म्हणून आधी मराठीत लिहिलं. इथे खड्डा म्हणजे खड्डा. पण कॅलला मराठी येत नाही, ब्रायनलाही नाही, आणि त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत कबुली देऊन गप्प बसणं मला चांगलं जमलं असतं — तेही ओळखतो. तेव्हा यातलं प्रत्येक वाक्य, खोटं वाक्य धरून, मी इंग्रजीत उतरवलंय. उद्या सकाळी कॅलला जाईल. प्रत ब्रायनला, पुस्तिकेत माझ्या पानावर छापायला. डेनचा पत्ता ब्रायनकडे आहे. तिसरी प्रत त्याला. तुमच्या हातात हे पडेल तोवर ते तिघांनाही पोचलेलं असेल.

त्यांनी काय म्हणावं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुम्हीही काही म्हणू नका.

खड्डा चार बोटं खोल होता आणि माझ्या बुटाएवढा लांब. भिंतीपासून सहा फुटांवर. ब्रायनने हात वर केला, "झालं का, प्रोफेसर?" मी म्हणालो, "झालं." दाताळं खांद्यावर टाकलं आणि बाजूला झालो.